चार बिऱ्हाडांचं घर: कर्ज, दुरुस्ती आणि भाड्याचा हिशेब

सुट्टीच्या दिवशी सकाळी या विषयासाठी इतकी मंडळी आलेली बघून बरं वाटलं, आणि थोडी काळजीही वाटली. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी येत्या चार-दोन वर्षांत निवृत्त होणारे दिसतात, म्हणून काळजी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांत तीस वर्षं काढलेला माणूस फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले की मला एकच वाक्य ऐकवतो. "चार भाडेकरूंचं एखादं घर घ्यावं म्हणतो. थोडं कर्ज काढू, थोडी डागडुजी करू, भाड्यातून हप्ता जाईल."

आजचं सगळं व्याख्यान या शेवटच्या तीन शब्दांबद्दल आहे. भाड्यातून हप्ता जाईल. जातो का? कधी जातो? आणि जात नसेल तर पैसा कुठे लावावा?

आपल्या शहरात हा प्रश्न घरोघरी का आहे, ते आधी बघू. सिडकोची स्थापना १९७०ची. त्याच दशकात सिडकोने इथे नवीन औरंगाबाद वसवायला घेतलं. एन-१, एन-२ असं करत एन-१३ पर्यंत वसाहती झाल्या. छोटी घरं, छोटे भूखंड. पुढे वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागे सुटे भाग बनवणारे आले, त्यांच्या मागे कामगार आले. विद्यापीठ आहे, घाटी रुग्णालय आहे, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आहेत. म्हणजे भाड्याने राहणारा माणूस इथे कायम आहे. त्यामुळे खाली मालक आणि वर दोन बिऱ्हाडं, किंवा एका भूखंडावर चार-सहा बिऱ्हाडं, ही इथली जुनीच पद्धत. बजाजनगर, रांजणगाव, मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, गारखेडा, कुठेही जा, हेच दिसेल.

आधी हिशेब

फळ्यावर एक हिशेब मांडतो. आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गल्लीतले आकडे तुम्ही घाला, पद्धत तीच राहील.

समजा एक पंचवीस वर्षं जुनं घर आहे. तळमजला आणि पहिला मजला, चार बिऱ्हाडं. किंमत ६० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण ४ लाख धरा. दुरुस्ती ८ लाख. एकूण ७२ लाख.

भाडं? प्रत्येकी ७ हजार धरू. महिन्याला २८ हजार, वर्षाला ३ लाख ३६ हजार. इथपर्यंतचा हिशेब सगळे करतात आणि पेढे वाटतात. पण पुढचा कोणी करत नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा येतो, मधे खोली रिकामी राहते. वर्षातून एक महिना रिकामा धरा, २८ हजार गेले. मालमत्ता कर १२ हजार. नळ, मोटार, दरवाजे, गच्ची अशी किरकोळ दुरुस्ती २४ हजार. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटार, सफाई, कधी टँकर, आणखी २४ हजार. झाले ८८ हजार. हातात राहिले २ लाख ४८ हजार. ७२ लाखांवर हे साडेतीन टक्क्यांच्याही आत जातं.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा यात धरत नाहीत. म्हणजे आपल्या उदाहरणात बँक जास्तीत जास्त ४८ लाख देईल. घरचे २४ लाख घालावे लागतील.

४८ लाख, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता येतो ४३ हजार २०० च्या आसपास. वर्षाला सुमारे ५ लाख १८ हजार. आणि घरातून निव्वळ येतात किती? २ लाख ४८ हजार. फरक २ लाख ७० हजार. म्हणजे दर महिन्याला २२ हजार ५०० रुपये खिशातून. निवृत्त माणसाने हे कुठून आणायचे?

मोबाइलवर तुम्ही व्हिडिओ बघता. घर घ्या, दुरुस्त करा, भाड्याने द्या, वाढलेल्या किमतीवर परत कर्ज काढा, दुसरं घर घ्या. हे गणित मुळात अमेरिकेतलं आहे. तिथे दोन ते चार बिऱ्हाडांच्या इमारतीत मालक स्वतः राहणार असेल तर सरकारी हमीच्या कर्ज योजनेत साडेतीन टक्के रक्कम भरूनसुद्धा घर घेता येतं. खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसवायचीही योजना तिथे आहे. हे सगळं तिथे चालतं तेव्हा चालतं, कारण घराच्या किमतीच्या मानाने भाडं चांगलं मिळतं. आपल्याकडे कर्जाचा दर नऊ आणि घराचं उत्पन्न साडेतीन. नऊ टक्क्यांनी आणून साडेतीन टक्क्यांना लावायचं, याला गुंतवणूक म्हणायचं की दान, तुम्हीच ठरवा.

मग कर्ज काढूच नये का? तसं नाही. प्रश्न उलटा विचारायचा. भाड्यातून जाईल असा हप्ता किती कर्जाचा? आपल्या उदाहरणात २० लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण १८ हजार. वर्षाला २ लाख १६ हजार. निव्वळ भाडं २ लाख ४८ हजार. ३२ हजार शिल्लक. इथे भाड्यातून हप्ता जातो, पण घरचे ५२ लाख घातल्यावर. हे ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. ज्याच्याकडे तीस-पस्तीस लाखच आहेत, त्याने हे वाक्य विसरावं.

पैसा कुठे जास्त कमावतो?

आता महत्त्वाचा मुद्दा. तुमच्यापैकी बहुतेकांचं स्वतःचं घर आहे. मग नवं घर घेण्याऐवजी आहे त्या घरावर मजला चढवला तर?

हजार चौरस फूट बांधकाम, चौरस फुटाला १,८०० रुपये धरा, १८ लाख. जिना, ड्रेनेज, वीज जोडणी २ लाख. एकूण २० लाख. दोन बिऱ्हाडं, प्रत्येकी साडेआठ हजार, वर्षाला २ लाख ४ हजार. एक महिना रिकामा, १७ हजार वजा. इतर खर्च ३० हजार वजा. राहिले १ लाख ५७ हजार. २० लाखांवर जवळपास ८ टक्के. का? कारण जमिनीचे पैसे परत द्यायचे नाहीत. तुमच्या वडिलांनी किंवा तुम्ही ते आधीच दिलेत.

आणखी खाली उतरू. आहेत त्याच दोन जुन्या बिऱ्हाडांमध्ये ३ लाख घातले. संडास-बाथरूम नवे, नळाची लाइन नवी, वायरिंग नवी, ओटा नीट. भाडं प्रत्येकी दीड हजाराने वाढलं. वर्षाला ३६ हजार. ३ लाखांवर १२ टक्के. शिवाय चांगला भाडेकरू टिकतो, खोली रिकामी राहत नाही, तो फायदा वेगळाच.

म्हणजे क्रम काय लागला? आधी दुरुस्ती, मग मजला, सगळ्यात शेवटी खरेदी. आपण नेमकं उलट करतो, कारण खरेदीची पूजा होते, पेढे वाटले जातात, आणि जुनी ड्रेनेज लाइन बदलल्याचे पेढे कोणी वाटत नाही.

कागद

मजला चढवायचा म्हटलं की पहिला प्रश्न परवानगीचा. इथे लोक मला मालमत्ता कराची पावती दाखवतात. "बघा, महापालिका कर घेते, म्हणजे बांधकाम कायदेशीर." नाही. कराची पावती म्हणजे परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, कर भरल्याने ते अधिकृत होत नाही.

तुमची जमीन कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखा. सिडकोचे भूखंड मुळात भाडेपट्ट्याने दिलेले. अशा घराची खरेदी-विक्री करताना हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि त्याचं शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार, हे इसार देण्याआधी कागदावर घ्या. दुसरा प्रकार गुंठेवारी. शेतीचे तुकडे पाडून, कधी नुसत्या बाँडपेपरवर विकलेले भूखंड. त्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ मध्ये तो बदलला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घेण्याची सोय झाली. नियमित झालेलं प्रमाणपत्र असेल तर ते हातात घेऊन वाचा. "फाइल टाकलीय, होऊन जाईल," यावर पैसे देऊ नका. तिसरा प्रकार मंजूर रेखांकनातला अकृषिक भूखंड. तिथेही मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, एवढं बघायचंच. आणि बँक कर्ज देते ते मंजूर नकाशावर. जागेवर चार बिऱ्हाडं आणि नकाशात दोन, असं असेल तर बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस दोनच लिहील, किंवा फाइल परत करेल.

कोणतं कर्ज?

चार प्रकार लक्षात ठेवा. एक, खरेदीचं गृहकर्ज. दोन, बांधकाम किंवा वाढीव बांधकामाचं कर्ज. याचे पैसे एकदम मिळत नाहीत. कॉलम झाले, स्लॅब पडला, प्लास्टर झालं, तसे टप्प्याटप्प्याने मिळतात. म्हणून पहिल्या टप्प्याचे पैसे घरचे तयार हवेत. तीन, घरदुरुस्तीचं कर्ज, किंवा गृहकर्ज आधीच चालू असेल तर त्यावरचं वाढीव कर्ज. चार, मालमत्ता तारण कर्ज. याचा दर गृहकर्जापेक्षा जास्त असतो आणि किमतीच्या मानाने रक्कम कमी मिळते. दुरुस्तीसाठी तिसरा प्रकार मिळत असेल तर चौथ्याकडे जाऊ नका. आणि दलाल सांगतो म्हणून वैयक्तिक कर्ज काढून घर बांधू नका.

बँक तुमचं वय बघते. अठ्ठावन्नाव्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज सहसा मिळत नाही. मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करावं लागतं. ते करताना घरात बसून मोकळेपणी बोला. त्या मुलाला उद्या पुण्यात स्वतःचं घर घ्यायचं असेल, तेव्हा हा हप्ता त्याच्या पात्रतेतून वजा होणार आहे.

भाड्याचं उत्पन्न बँकेने धरावं असं वाटत असेल तर भाडं खात्यात यायला हवं, करार नोंदणीकृत हवा आणि विवरणपत्रात ते दाखवलेलं हवं. रोख भाडं घेणाऱ्याचं उत्पन्न बँकेच्या लेखी शून्य.

प्राप्तिकराचं थोडक्यात. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा होतात, दुरुस्तीला तुम्ही कमी खर्च केला असो वा जास्त. मग कर्जाचं व्याज वजा होतं. आपल्या २० लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी करपात्र उत्पन्न ३० हजारांच्याही आत राहतं. पण मोठं कर्ज काढून घरात तोटा दाखवायचा आणि पगारावरचा कर वाचवायचा, हा जुना सल्ला आता जपून घ्या. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंतच इतर उत्पन्नातून वजा होतो, नव्या प्रणालीत तो तसा वजा होतच नाही.

दुरुस्तीचा क्रम

इथे माझीच फजिती सांगतो. सिडकोतलं आमचं वडिलांचं घर. खालचं बिऱ्हाड रिकामं झालं. मी उत्साहाने नवी फरशी घातली, पुट्टी केली, रंग दिला. चांगला भाडेकरू मिळाला. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या छतातून झिरपायला लागलं. लाइन जुनी लोखंडी, गंजलेली. शेवटी वरची फरशी फोडली, खालचा रंग गेला, भाडेकरू गेला आणि तीन महिने घर रिकामं राहिलं. आधी कळस मग पाया, याचं हे उदाहरण.

क्रम असा ठेवा. पहिलं, सांगाडा. घर नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभं आहे की कॉलमवर, हे बघा. भिंतींवर उभं असेल तर हॉल मोठा करायला मधली भिंत काढू नका, आणि अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय मजला चढवू नका. आपल्याकडे कुठे पक्का मुरूम तर कुठे काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिरप्या भेगा दिसल्या की प्लास्टर करून झाकायच्या नाहीत, कारण शोधायचं.

दुसरं, गच्ची आणि पाणी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मृग लागायच्या आत. झाल्यावर दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खाली छत बघा. बाथरूमचंही तसंच, फरशी बसवण्याआधी. तिसरं, नळ आणि ड्रेनेज. चौथं, वायरिंग. प्रत्येक बिऱ्हाडाला महावितरणचा स्वतंत्र मीटर घ्या. चार घरांची वीज एका मीटरवर असली की युनिट महागड्या टप्प्यात जातात आणि दर महिन्याला भांडण होतं. मग फरशी, मग दारं-खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी रंग.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. जायकवाडी भरलेलं असलं तरी आपल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं, ते तुम्हाला माहीत आहे. चार बिऱ्हाडं म्हणजे सोळा माणसं. माणशी शंभर लिटर धरले तर दिवसाला १,६०० लिटर. पाच दिवसांआड पाणी येत असेल तर ८ हजार लिटर साठवण हवी, सात दिवसांआड असेल तर ११ हजारांच्या वर. एवढा हौद जमिनीखाली हवा. गच्चीवर २ हजार लिटरची टाकी ठेवाल तर ते दोन टन वजन झालं. ती बीम-कॉलमच्या वर बसवा, स्लॅबच्या मध्यावर नको. या शहरात भाडेकरू फरशी बघून हो म्हणतो आणि पाणी बघून टिकतो.

ठेकेदाराशी बोलताना मालासह की फक्त मजुरी, हे लिहून घ्या. पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, शेवटचे दहा टक्के एक पाऊस जाईपर्यंत ठेवता आले तर उत्तम. अंदाजपत्रकाच्या वर पंधरा टक्के बाजूला ठेवा, जुनी भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. आणि काम मेअखेर संपवा. जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात, तेव्हा घर तयार नसेल तर हंगाम गेला.

भाडेकरू

"अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही," हा गैरसमज सोडा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. घरबसल्या होतं. लाखोंची मालमत्ता, आणि आपण हजार-बाराशे वाचवतो.

अनामत रक्कम ही तुमची कमाई नाही. ती वेगळ्या खात्यात ठेवा. ती दुरुस्तीत घातलेली मालकमंडळी भाडेकरू जाताना तोंड चुकवतात.

आणि एक अवघड गोष्ट बोलतो. आपल्या शहरात आडनाव विचारून, जेवणात काय खाता ते विचारून खोल्या नाकारल्या जातात. एकटी नोकरी करणारी मुलगी असली की नकार. हे चूक आहेच. शिवाय हिशेबानेही बघा. नियमित पगाराचा, वेळेवर भाडं देणारा माणूस परत पाठवून तुम्ही दोन महिने खोली रिकामी ठेवता. पगाराची चिठ्ठी बघा, आधीच्या मालकाला फोन करा. आडनावावरून भाडं वेळेवर येईल की नाही ते कळत नाही.

दोन प्रश्न

एका काकांनी विचारलंय, "भाव वाढतील ना? मग आज खिशातून हप्ता भरला तर काय बिघडलं?" काका, भाव वाढतीलही. पण भाव वाढतात ते कागदावर, आणि हप्ता जातो दर महिन्याच्या पाच तारखेला. वाढलेला भाव खायचा तर घर विकावं लागतं, आणि अडलेल्या माणसाच्या घराला कधीच चांगला भाव येत नाही. म्हणून भाववाढ हा वरचा लाभ समजा. तिच्या भरवशावर हप्ता बांधू नका.

मागच्या ताईंचा प्रश्न, "निवृत्तीचे सगळे पैसे घरात घातले तर?" ताई, घराची एक वीट विकून दवाखान्याचं बिल देता येत नाही. किमान दोन वर्षांचा घरखर्च आणि कर्ज असेल तर सहा महिन्यांचे हप्ते बँकेत वेगळे ठेवा. त्यातून उरेल तेवढंच घरात.

घर पाहावं बांधून, असं आपली म्हातारी माणसं म्हणत आली ती उगाच नाही. आज घरी गेल्यावर एक करा. नवं घर बघायला जाण्याआधी स्वतःच्या गच्चीवर जा, टाकीखाली बघा, मोरीचं पाणी कुठून जातं ते बघा, आणि मंजूर नकाशा कपाटातून काढा. तुमची पहिली गुंतवणूक बहुतेक तिथेच सापडेल.